वाटीत चार चिंचोके

मंगळवार, १८ मार्च २०२५. सकाळी दहा वाजता आमच्या परिचर्या महाविद्यालयातील प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली. खोलीत एक खाट होती. खाटेवर शोभा, उशाशी तिची आई, समोर पुण्याहून आलेल्या बाह्य परीक्षक आणि दाराजवळ मी. शोभा खाटेवर रुग्ण म्हणून निजली होती. परंतु त्या खोलीत ती परीक्षकही होती. तिने दिलेले दहापैकी गुण निकालात धरायचे की नाही, हे त्या दिवशी ठरणार होते.

मी या महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालो. वर्ध्यातच राहत असल्यामुळे एक विषय मानद म्हणून माझ्याकडे राहिला : बौद्धिक दिव्यांग रुग्णांची परिचर्या. संपादकांनी या अंकासाठी नोकरीच्या आठवणी मागितल्या. माझ्या नेमणुका व बढत्या यांत वाचकाला रस असण्याचे कारण नाही. एका परीक्षेची हकिगत लिहितो.

बाहेरच्या वाचकासाठी विषय थोडा उलगडणे भाग आहे. ज्या माणसाला समजायला, शिकायला आणि सांगायला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, तो आजारी पडून दवाखान्यात आला की दोन चुका हमखास होतात. पहिली, परिचारिका त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या आईशी बोलते. दुसरी अधिक घातक आहे. अशा माणसाला लहानपणापासून एक धडा पक्का मिळालेला असतो : ‘हो’ म्हटले की समोरचा संतुष्ट होतो आणि ‘नाही’ म्हटले की रागावतो. म्हणून तो कशालाही हो म्हणतो. पोट दुखते का? हो. पोट दुखत नाही ना? हो. घाईतली परिचारिका पहिल्या ‘हो’वर विसंबून पुढच्या कामाला लागते.

यावर आमच्या विषयात एक साधा नियम आहे. तीच गोष्ट उलट बाजूने विचारावी. दोन्ही वेळा ‘हो’ आले, तर त्या ‘हो’ला अर्थ नाही असे समजावे आणि हाताने दाखवायला सांगावे. हा नियम मी अनेक वर्षे फळ्यावर लिहून दिला. विद्यार्थिनी तो उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहीत आणि वॉर्डात गेल्या की आईला विचारीत, “कुठे दुखतंय हिला?”

तेव्हा मी ठरवले की हा विषय ज्यांचा आहे त्यांनीच तो शिकवावा. गावात एक कार्यशाळा आहे. तेथे बौद्धिक दिव्यांग प्रौढ माणसे कागदी पिशव्या करतात. तेथून मी प्रथम प्रल्हादला आणले. शिक्षककक्षात एका सहकाऱ्याने विचारले, “सर, तुम्ही निवृत्त झालात, आता आम्हालाही करता की काय?” मी वर्गाकडे निघालो. उत्तर दिले की असल्या गृहस्थांची करमणूक वाढते.

प्रल्हाद चाळिशीचा, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचा. त्याने वर्गाला सांगितले, “मले चौघांनी धरलं आन सुई टोचली. काऊन धरलं? मले बस म्हटलं असतं त मी बसलो असतो.” वर्ग शांत झाला. माझ्या व्याख्यानाने तो तसा कधी झाला नव्हता. पुढे मी त्याच्या अनुभवाचे शास्त्रीय विवेचन सुरू केले, तेव्हा प्रल्हादने आपल्या जेवणाच्या डब्याचे झाकण चमच्याने वाजवले. मी थांबलो. पुन्हा सुरू केले. त्याने पुन्हा वाजवले. मी जरा कडक स्वरात विचारले, “काय आहे?”

“समजलं नाई,” प्रल्हाद म्हणाला.

वर्ग हसला. मी नंतर खानावळीतून एक स्टीलची थाळी व चमचा मागवला आणि नियम केला : शिकवणाऱ्याचे बोलणे अवघड झाले की थाळी वाजेल, आणि बोलणाऱ्याने तेच सोपे करून सांगायचे. त्या वर्षी सर्वांत जास्त वेळा थाळी माझ्यावर वाजली. माझी वाक्ये लांब असतात, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

प्रल्हाद मात्र टिकला नाही. त्याच्या भावाने जाम या गावी हमरस्त्यालगत हॉटेल टाकले आणि त्याला टेबले पुसायला नेले. प्रल्हादला कोणी विचारले नाही. विचारले असते तरी तो हो म्हणाला असता. मी एकदा तेथे उतरून त्याला भेटलो. त्याने चहा दिला आणि मी शिक्षकाच्या नोकरीविषयी काही लांबलचक बोलू लागताच हातातला ट्रे वाजवला. त्याला मी परत आणू शकलो नाही.

त्याच्या जागी शोभा आली. वय छत्तीस, केळझरजवळच्या एका खेड्यातील शेतकरी कुटुंबातली. आईबरोबर एस.टी.ने कार्यशाळेत येत असे. तिला वाचता येत नाही. दहापर्यंत मोजता येते. आमच्याकडच्या बायांप्रमाणे तीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणते. शिक्षिका म्हणून येणार, तेव्हा मी तिला ‘तुम्ही’ म्हणू लागलो. आई हसून म्हणाली, “सर, तिले कोनी तुमी म्हनत नाई. तुमी म्हनता त ते मांगं पायते, कोन आलं म्हून.”

पहिल्या तासाला शोभा खाटेवर निजली आणि तिने एकेका विद्यार्थिनीला स्वतःशी बोलायला लावले. उभ्याने बोलणारीला ती म्हणाली, “खाली बस. मान दुखते माही.” आईशी बोलणारीला म्हणाली, “मी हितं हाय.” मग तिने प्रल्हादच्याही पुढचे पाऊल टाकले. वर्गाला म्हणाली, “मी हो म्हनतो. मले सवय हाय. माहं हो खरं नसते. तुमी उलटं इचारत जा.” मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेले तिने खाटेवरून सांगितले. तास संपला तेव्हा विद्यार्थिनींनी टाळ्या वाजवल्या.

व्हरांड्यात शोभाने मला थांबवले. “सर, टाळ्या कायले वाजवल्या?”

“तुम्ही चांगले शिकवले म्हणून.”

“तुमाले वाजवतेत का?”

“नाही.”

“मंग?”

मी हातातला हजेरीपट मिटला.

“तुमी काय करता त्याईले?” तिने विचारले.

“मी गुण देतो.”

“मंग मले बी मार्क द्याचे हाय. टाळ्या नको.”

मी ही मागणी प्राचार्या बाईंपुढे ठेवली. त्या व्यवहारी आहेत. त्यांनी रुग्णाशी बोलण्याचे दहा गुण शोभाकडे द्यायचे मान्य केले आणि अट घातली : बाह्य परीक्षकांना तिचे गुण पटले पाहिजेत. पटले नाहीत, तर पुढील वर्षापासून शोभा पाहुणी म्हणून येईल. वर्षातून एकदा, शाल आणि नारळासाठी. मी हे शोभाला सोपे करून सांगितले. ती म्हणाली, “शाल हाय घरी.”

जानेवारीत सराव परीक्षा घेतली. अंक लिहिण्याऐवजी चिंचोके आणि वाट्या ठेवल्या होत्या. जितके गुण तितके चिंचोके. परीक्षा संपल्यावर मी वाट्या पाहिल्या. प्रत्येक वाटीत दहा.

“सगळ्या चांगल्या बोलल्या का?” मी विचारले.

“हो.”

“कोणी वाईट बोलल्या का?”

“हो.”

प्राचार्या बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “सर, सगळ्यांना दहा म्हणजे कोणालाच काही नाही. शाल आणायची का?” मी म्हणालो, “मार्चपर्यंत थांबा.”

मी हसऱ्या व रडव्या चेहऱ्यांची चित्रे करून नेली. शोभाने कागद पालथा घातला. “हे अंगनवाडीचं हाय,” ती म्हणाली. त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेलो. केळझरला बसमधून उतरलो, तिचा भाऊ मोटारसायकल घेऊन आला होता. घरासमोर कापसाचा ढीग होता आणि शोभा त्यापाशी बसली होती. पाणी लागून पिवळा पडलेल्या, किडक्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. ती कवडी वेचून बाजूला टाकत होती. हात कोठेही अडत नव्हता. एखादे बोंड हाती घेऊन ती क्षणभर पाही आणि टाकून देई. मी बराच वेळ पाहिले आणि विचारले, “इथे तुम्ही बरोबर निवडता. मग कॉलेजात का निवडत नाही?”

ती कवडी वेचत राहिली. अशा वेळी थांबायचे असते. तो आमच्या कामाचा निम्मा भाग आहे. तिच्या भावाला ते ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “सर, तिले नाई सांगता येत ते.” मी त्याला हाताने थांबवले.

शोभा म्हणाली, “कापूस रुसत नाई.”

“आणि पोरी?”

“पोरी हासून पायतेत माह्याकडं. मंग मले सगळं द्यावं वाटते.”

त्या अंगणातच परीक्षेची पद्धत ठरली. विद्यार्थिनीने काम संपवून बाहेर जायचे. दार लावायचे. वाटीत आधीच दहा चिंचोके असतील. शोभा प्रथम काय काय घडले ते मोठ्याने सांगेल आणि दर चुकीला एक चिंचोका काढून टाकील. चुकीला तिने नावही दिले : कवडी. फेब्रुवारीभर आम्ही हाच सराव केला. वाट्या वेगवेगळ्या भरू लागल्या. परंतु सरावात मी समोर होतो, आणि मी कोणाकडे पाहून हसत नाही. परीक्षेत काय होईल ते मला माहीत नव्हते.

आता त्या मंगळवाराकडे येतो. खाटेजवळ चिंचोक्यांच्या वाटीशेजारी थाळी आणि चमचाही ठेवला होता. सकाळी मी शोभाला एकांतात आजार सांगितला : कान दुखतो आहे. हात नुसता कानावर ठेवायचा; कोणी दाखवायला सांगितले तरच कान दाखवायचा. आईला काम दिले होते मध्ये मध्ये बोलण्याचे. ते तिने नको इतक्या उत्साहाने केले. प्रत्येक विद्यार्थिनी आत आली की आई पदर खोचून म्हणे, “तिले काय इचारता जी? मले इचारा. मी माय हाय तिची.” एक विद्यार्थिनी त्या भडिमाराला बळी पडली आणि पूर्ण वेळ आईचीच विचारपूस करून गेली. दार लागल्यावर शोभा म्हणाली, “मी दिसलोच नाई तिले,” आणि वाटी जवळजवळ रिकामी केली. बाह्य परीक्षकांनीही तिला दोनच गुण दिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. पुढच्याही काही जणींचे गुण साधारण जुळले.

मग प्राजक्ता आली.

प्राजक्ता सर्वांची आवडती विद्यार्थिनी. शोभाची तर मैत्रीणच. खानावळीत शोभासाठी पापड राखून ठेवणारी, दुपारी तिची वेणी घालणारी. तिने आत येऊन आईला टाळून शोभाला नमस्कार केला. स्टूल ओढून खाली बसली. स्वतःचे नाव सांगितले. येथवर सर्व उत्तम होते. मग बहुधा ओळखीच्या विश्वासाने ती म्हणाली, “शोभाताई, पोट दुखतंय ना?”

“हो.”

“खूप दुखतंय ना?”

“हो.”

“मग सुई देऊ ना?”

“हो.”

शोभाचा हात कानावर होता. प्राजक्ताने तिकडे पाहिले नाही. तिने ट्रेमधील सुई सफाईने भरली, बाह्य परीक्षकांना सर्व कृती क्रमाने सांगितली, शोभाकडे पाहून हसली आणि बाहेर गेली. मी दार लावले.

शोभा उठून बसली. वाटीकडे पाहत राहिली. आई कुजबुजली, “अवो, प्राजू हाय ते. तुही येनी घालते.”

“आई,” शोभा म्हणाली, “तू पेशंटची आई हाय. चूप राह्य.”

मग ती बोलू लागली. “आली. मले नमस्ते केला. बसली. नाव सांगतलं. मंग पोट म्हने. पोट नोतं दुखत.” एक चिंचोका बाहेर आला. “खूप दुखते ना म्हने.” दुसरा. “दाखव म्हटलं नाई. उलटं इचारलं नाई. कानाकडं पायलं नाई. सुई भरली.” दर वाक्याला एक. शेवटचा चिंचोका तिने हातात बराच वेळ धरून ठेवला आणि मग टाकला. वाटीत चार उरले.

बाह्य परीक्षकांच्या कागदावर आठ होते. त्यांनी चष्मा काढला. मला गुणांविषयी बोलण्याची मनाई होती. ती मीच घालून घेतली होती. परीक्षक मोठ्या आवाजात म्हणाल्या, “या दोन मूल्यमापनांत लक्षणीय तफावत दिसते. निकषांची सुसंगती तपासल्याशिवाय…”

थाळी वाजली.

त्या दचकल्या. मी नियम सांगितला. माणूस म्हणून त्या चांगल्या असाव्यात, कारण रागावल्या नाहीत. एवढ्यात आवाज ऐकून प्राचार्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. परीक्षक खाटेजवळ गेल्या आणि सोप्या शब्दांत म्हणाल्या, “तुम्ही चार दिलेत. मी आठ दिलेत. तिचे हात चांगले चालतात. आपण आठच देऊ या ना?”

“हो,” शोभा म्हणाली.

प्राचार्या बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत शाल होती. परीक्षकांनी टोपण काढले आणि सुटल्यासारख्या कागदाकडे वळल्या. मी एक शब्द बोललो असतो तर शोभाचे गुण माझे झाले असते.

शोभाने चमचा उचलला आणि थाळी वाजवली.

“म्याडम, तुमी ना म्हटलं,” ती म्हणाली. “ना म्हटलं का मी हो म्हनतो. उलटं इचारा.”

परीक्षक थांबल्या. थोडा विचार करून म्हणाल्या, “बरं. आठ द्यायचे नाहीत ना?”

“हो.”

“दोन्हीला हो?”

“दोन्हीले हो आलं,” शोभा शांतपणे म्हणाली, “मंग काय म्हनाचं असते? दाखव म्हनाचं असते.”

“दाखवा,” परीक्षक म्हणाल्या.

शोभाने वाटी उचलून त्यांच्यासमोर धरली. “हे खरं हाय. चार. ते माही मैत्रीन हाय, पन चार.”

परीक्षकांनी स्वतःच्या हाताने आठ खोडले, चार लिहिले आणि बाजूला सही केली. मग त्या म्हणाल्या, “मी तिच्या हातांकडे पाहत होते. तुमच्या हाताकडे पाहायला हवं होतं.” जरा थांबून त्यांनी विचारले, “आणि मला किती द्याल?”

शोभाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “तुमाले सहा.”

“सहा का?”

“उभ्यानं बोलल्या. मान दुखते माही.”

त्या दिवशी मी मोठ्याने हसलो, असे प्राचार्या बाई सांगतात. मला आठवत नाही.

दुपारी प्राजक्ताला गुण कळले. ती डोळे पुसत आली. “शोभाताई, चार?”

“कान व्हता,” शोभा म्हणाली.

“मले वाटलं, तुम्ही माह्यावर नाराज नाही होणार.”

“मी नाराज नाई. तू कानाकडं पाह्यजो पुढं.” आणि पाठ फिरवून बसली. “येनी सुटली. घालून दे.”

प्राजक्ताने वेणी घातली. इतर गुणांवर ती उत्तीर्ण झाली. तिला यापुढे ‘ना’ लावून प्रश्न विचारताना कोणी ऐकलेले नाही.

सायंकाळी प्राचार्या बाईंनी शोभा, तिची आई आणि मला कार्यालयात बोलावले. परीक्षकांनी अहवालात शोभाचे गुण ग्राह्य धरावेत असे लिहिले होते. बाई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी वेळापत्रकात तुमचं नाव येईल. शिक्षिका, तासिका तत्त्वावर.”

थाळी तेथे नव्हती. शोभाने टेबलावर बोटाने वाजवले.

“तुम्ही इथे मॅडम झालात,” बाईंनी सोपे केले. “गुण तुम्हीच द्यायचे.”

आईने पदर डोळ्यांना लावला. शोभा म्हणाली, “बरं.” मग म्हणाली, “कपाट कोनतं माहं?”

“कपाट?”

“सरले हाय. सगळ्या म्याडमले हाय. मले पिशी ठेवाले लागन.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. शिक्षककक्षात रिकामे कपाट नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. मी म्हणालो, “पाहतो.”

मायलेकींना मी बसस्थानकापर्यंत रिक्षाने सोडले. केळझरकडची गाडी फलाटावर लागलेली होती, जागा मिळाली. शोभासारख्यांनी शिकवण्याचे हे काम वीस वर्षे आधी सुरू करायला हवे होते. मला तेव्हा ते सुचले नाही, आणि ज्यांना सुचले असते त्यांना आम्ही पिशव्या करायला बसवले होते.

मी महाविद्यालयात परतलो. माझे कपाट खिडकीशेजारी आहे, दोन दारांचे. डाव्या बाजूच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून रद्दीत टाकल्या, फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या. त्या दाराचे कुलूप गंजले होते. शिपायाकडून शिलाई यंत्राचे तेल मागून घेतले, दोन थेंब सोडले आणि किल्ली न अडता फिरेपर्यंत फिरवीत राहिलो.